उजवी पाकळी

बाबी परब आमच्या खळ्यात आला तेव्हा मी मिरच्या वाळत घालत होते. त्यानं वहाणा काढल्या नाहीत, कुणी बस म्हणायची वाट पाहिली नाही. पडवीच्या पायरीवर पाय ठेवून उभा राहिला आणि आबांना म्हणाला, "लवू, येत्या सोमवारी कौल लावूचो. गावान ठरवल्यान."

आबा म्हणजे माझे वडील, लवू गुरव. ते पडवीत बसून देवीच्या समया चिंचेनं घासत होते. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "गावान ठरवल्यान तर देवीक कित्या इचारूचा?"

बाबीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि त्या काही मी वाळत घातलेल्या नव्हत्या. तो गावचा मानकरी. त्याच्या आज्यापासून देवीपुढं गाऱ्हाणं घालायचा मान परबांचा आणि कौल लावायचा मान गुरवांचा. मान त्यांचा मोठा, पण हात आमचा. आमच्या किंजळवण्यात विहीर खणायची असो, सोयरीक जोडायची असो, की कुणाची म्हैस हरवलेली असो, पावणाईला विचारल्याशिवाय पान हलत नसे. परब गाऱ्हाणं सांगणार, गुरव देवीच्या पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या लावणार. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग राजा आला तरी निर्णय बदलायचा नाही.

आणि आता विचारायचं होतं ते राईबद्दल. गावाच्या पाठीमागं डोंगराच्या कुशीत पावणाईची राई होती. होती म्हणते, कारण आता तिथं काय आहे ते गाडीच्या खिडकीतून कुणालाही दिसतं. त्या राईत किती जुनी झाडं होती ते कुणाला ठाऊक नव्हतं. ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण, आणि पायात घोटाळणाऱ्या गारंबीच्या वेली, माणसाच्या मांडीएवढ्या जाड. भरदुपारी आत शिरलं तरी डोळ्यांना अंधारी यायची. देवीला छप्पर चालत नाही, झाडं हेच तिचं छप्पर. त्या राईतली वाळकी काडीसुद्धा कुणी चुलीला आणत नसे. पडलेलं झाड पडल्या जागी कुजायचं. आमच्या शेजारच्या काकूंचं पोर एकदा आतून जांभळाची फांदी घेऊन आलं, तर काकूंनी आधी त्याला बडवलं आणि मग फांदी, नारळ घेऊन स्वतः परत ठेवायला गेल्या. एवढा धाक होता.

रेल्वेची वाट आखली गेली ती बरोबर त्या राईच्या मधून. पट्टीच होती तशी, राईच्या मानानं अरुंद. पण पट्टी मधून जाणार होती. सरकारची परवानगी झालेली, खांब पुरलेले. ठेकेदाराचा मुकादम सातपुते म्हणून घाटावरचा माणूस होता. त्याला आमच्या देवीचं काही देणंघेणं नव्हतं, पण मजूर हवे होते. झाडं तोडायचं, ओंडके ओढायचं, माती वाहायचं काम गावच्या पोरांना देतो म्हणून त्यानं बाबीला शब्द दिला होता. बाबीनं पोरांना. आणि पोरं म्हणत होती, काम हवं, पण कौल मिळाल्याशिवाय राईत कुऱ्हाड उचलणार नाही. असा सगळा गुंता येऊन आमच्या खळ्यात पडला होता.

मी गप्प बसणाऱ्यातली नव्हतेच कधी. म्हटलं, "बाबीकाका, तुमची आंब्याची कलमां मधी इली असती तर कौलाची इतकी घाय झाली असती काय?"

"लवू, चेडवाक आवर," बाबी म्हणाला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मग आवाज खाली आणून आबांना सांगायला लागला, की गावातली पोरं मुंबईला जाऊन खानावळीत भांडी घासतात, ती इथं राहतील, स्टेशन झालं तर दुकानं होतील, आजारी माणूस डोलीतून न्यायला लागणार नाही. खोटं काही बोलत नव्हता, हे मला आज मान्य करायला हवं. पण बोलण्याची तऱ्हा अशी, की जणू आम्हीच आजारी माणसाची डोली अडवून बसलो आहोत. शेवटी उठता उठता म्हणाला, "तुका जमणा नसात तर येसो कौल लावतलो."

येसो म्हणजे आबांचा चुलतभाऊ. त्याचा आमच्या घरावर पहिल्यापासून दात. देवीच्या पूजेचं ताट आपल्या घरी यावं म्हणून तो कोल्ह्यासारखा टपलेला. बाबीनं नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. आबा समया घासायचे थांबले.

तेव्हापासून सोमवारपर्यंत आमच्या दारावरून जाणारा प्रत्येक जण काहीतरी टाकून जायचा. कुणी विहिरीवर माझी कळशी बाजूला सारली. कुणी आबांना ऐकू जाईल असं म्हणालं, की गुरवाला नैवेद्याचा भात फुकट मिळतो, त्याला पोराबाळांच्या पोटाचं काय कळणार. ज्या बायकांच्या पोरांची नावं आबांनी कौल लावून ठेवली, त्या पदर तोंडावर घेऊन हसायच्या. मी एकीला तिच्याच दारात जाऊन असं सुनावलं, की तिचा नवरा मध्ये पडला. आबांना ते कळलं. रागावले नाहीत, नुसते म्हणाले, माणूस कमरेत कापला तर उरलेला जगत नाही, राईचं तसंच आहे, हे त्यांना कळत नाही, भांडून कळणारही नाही.

सोमवारी सकाळी सगळा गाव राईत जमला. पोरं पुढं, म्हातारे त्यांच्या मागं, आम्ही बायका सगळ्यात मागं. सातपुते मुकादमही आला होता, हाताची घडी घालून एका बेहड्याला टेकून उभा. खाली ओल, वर ओल, झाडांवरून दहिवर टपटपत होतं. पाषाण काळा, न्हालेला. आबांनी देवीला पाणी घातलं, पाकळ्या भिजवल्या आणि पाषाणाच्या दोन्ही बाजूंना लावल्या. मग तिथंच दगडाशी वाकून हात जोडून उभे राहिले. मला त्यांची पाठच दिसत होती.

बाबीचं गाऱ्हाणं घालणं म्हणजे ऐकावं असं होतं. एरवी कितीही फाटक्या तोंडाचा असो, देवीपुढं उभा राहिला की आवाज बदलायचा.

"आई पावणाई, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळा गाव खाली मान घालून.

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत, म्हाराजा. तुझ्या राईतसून आगगाडीची वाट जातली. ती वाट तू देतलंस तर उजवी दी, नाय तर डावी दी. लेकरांचा चुकला माकला पोटात घाल, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

आबा मागं सरले. आता सगळ्यांना पाषाण दिसत होता. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. मग डावी पाकळी हळूहळू घसरली, मध्ये थबकली, आणि खाली पडली.

गावाच्या तोंडचं पाणी पळालं. पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली होती आणि मला, खरं सांगते, हसू आवरत नव्हतं. बाबीनं एकदा आबांकडं बघितलं, एकदा पाषाणाकडं. मग त्यानं गुडघे टेकून डोकं जमिनीला लावलं. मला वाटलं होतं तो तमाशा करील. पण देवी नको म्हणाली म्हटल्यावर बाबी परब एक चकार शब्द बोलला नाही. कितीही दांडगा झाला तरी गावचाच माणूस तो.

सातपुते मात्र खो खो हसला. म्हणाला, "झालं तुमचं? बरं. आम्हाला तुमच्या देवीची परवानगी नको होती, तुमची माणसं हवी होती. माणसं दुसरीकडं मिळतात."

आणि मिळाली. आठवड्याच्या आत ट्रकमधून माणसं आली. कुठल्या मुलखातली कुणास ठाऊक, त्यांची बोलीही आम्हाला कळत नव्हती. यंत्राच्या करवती घेऊन आली आणि सरळ राईत शिरली.

गाव त्यांच्या मरणाची वाट बघत बसला. अगदी शब्दशः. समोरच्या टेंबावर, म्हणजे छोट्या टेकाडावर, बाप्ये विड्या ओढत बसायचे, बायका गवताला जायचं निमित्त करून थांबायच्या. पहिलं ऐनाचं झाड पडलं तेव्हा कितीतरी जणांनी डोळे मिटले. आता झाडाखाली माणूस गवसणार, आता रक्त ओकणार. काही झालं नाही. एकाला मधमाश्या चावल्या तेव्हा टेंबावर जरा आनंद पसरला, पण दुसऱ्या दिवशी तो सुजलेलं तोंड घेऊन पुन्हा कामावर हजर. ती माणसं देवीच्या पाषाणापासून हाकेच्या अंतरावर चूल मांडून भात शिजवायची, राईच्याच लाकडावर. तिथंच झोपायची. कुणाला साधा ताप आला नाही. मीही टेंबावर जायचे. मनात म्हणायचे, आई पावणाई, एक तरी उचल. जास्त नको, एकच. त्यांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं, पोटासाठी आलेली माणसं ती. पण मी मागत होते.

एकटे आबाच तेवढे टेंबावर आले नाहीत. करवतीचा आवाज सुरू झाला की ते घराच्या मागल्या दारी जाऊन बसायचे. लोक म्हणायचे, गुरवाला बघवत नाही. मलाही तसंच वाटायचं. सगळा गाव कशाची तरी वाट बघत होता आणि आबा कशाचीच वाट बघत नव्हते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

पट्टी साफ झाली. मुकादमाची माणसं ओंडके भरून पुढच्या गावाला निघून गेली, जशी आली तशी, धडधाकट. मागं राहिल्या फांद्या, शेंडे, ढपल्या. आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना उभी होती उरलेली राई. बरीच होती. पट्टी गेली तरी राई राई म्हणण्यासारखी होती.

पहिले चार दिवस कुणी काडीला हात लावला नाही. मग येसोच्या बायकोनं फांद्यांचा एक भारा आणला. चूल पेटली, भात शिजला, सगळी जेवून उठली. दुसऱ्या दिवशी राईकडं जाणाऱ्या वाटेवर बायकांची रांग लागली. ढपल्या संपल्या, तेव्हा कुणीतरी उभ्या झाडाची फांदी तोडली. मग कुणीतरी एक किंजळ पाडला, गोठ्याच्या वाशांसाठी. आणि मग कणकवलीचा लाकूडवाला येऊन बाबीच्या पडवीत चहा पिऊन गेला.

चैत्र लागला होता. बाबी परब पोरांचं लटांबर घेऊन आमच्या खळ्यात आला. त्यांच्या हातात कुऱ्हाडी होत्या, दोघांकडं मोठी करवत. ती माणसं मला आयुष्यभर ओळखीची, आणि त्या दिवशी एकाचंही तोंड ओळखीचं वाटेना. मी दारात आडवी उभी राहिले. बाबीनं मला हातानं बाजूला केलं नाही, पण त्याची गरजही नव्हती. तो माझ्या डोक्यावरून आबांशी बोलला.

"लवू, देवीन नको म्हटल्यान. तरी रेल्वेवाल्यांनी तोडल्यानी. कोणाचो केस वाकडो झालो नाय. आता तूच सांग. देवी खोटी, काय तू खोटो?"

आबा पडवीतून उठून खाली आले. मला वाटलं, आता हे काहीतरी देवीच्या कोपाचं सांगतील, आज ना उद्या भोगाल म्हणतील. म्हातारे असंच बोलतात. ते म्हणाले, "मी खोटो."

कुणाला आधी कळलंच नाही.

"देवीन उजवी दिल्यान हुती," आबा म्हणाले. "तुझा गाऱ्हाणा संपाच्या आधीच. ती माझ्या हातात पडली. मी मूठ मिटलंय, नि तिच्या जाग्यार दुसरी लावलंय, दाबून. तिना रेल्वेक पट्टी दिल्यान हुती, बाबी. पट्टीच तेवढी. बाकीची राई तिची तिना ठेवल्यान हुती. मी तिच्या तोंडार हात ठेवलंय. तिचो काय दोष नाय. उरलेल्याक हात लावू नकात."

ज्या माणसानं कौलाच्या बाबतीत सख्ख्या भावाची भीड ठेवली नाही, माझं ठरत आलेलं लग्न डावी पडली म्हणून मोडलं आणि माझ्या रडण्याकडं बघितलं नाही, तो माणूस हे बोलत होता. मला त्यांची लाज वाटली आणि त्याच घटकेला एक आशाही वाटली. कारण हे खरं असेल तर सगळं पुन्हा जागेवर येत होतं. देवी खरी, कौल खरा, मजुरांना काही झालं नाही तेही बरोबर. खोटा फक्त एक गुरव. त्याला हवं तर झोडपा, वाळीत टाका, ताट काढून येसोला द्या, पण राईला हात लावू नका. आबा तेच मागत होते.

बाबी त्यांच्याकडं बघत राहिला. मला वाटतं क्षणभर त्याचा विश्वास बसला होता. मग पोरांतलं कुणीतरी फिसकन हसलं. म्हणालं, म्हातारा हुशार आहे, झाडं वाचवायला आता स्वतःलाच चोर म्हणवून घेतो. आणि बाबीचा चेहरा पुन्हा कठोर झाला.

"लवू," तो म्हणाला, "देवीच्या नावान आणखी एक खोटा बोलतंस?"

"मग परत इचारूया. उरलेली राई तिची काय नाय, तेवढाच. तू गाऱ्हाणा घाल. माझ्यार नदर ठेवा सगळे."

हे मात्र बाबीला नाही म्हणता येईना. कौल मागितला तर मानकऱ्याला मागं हटता येत नाही. सगळे जण तसेच राईत गेलो, कुऱ्हाडी, करवतीसकट. या खेपेला आबांनी बाह्या कोपरापर्यंत सारल्या, हात उलटेपालटे करून सगळ्यांना दाखवले. पाकळ्या भिजवल्या, लावल्या आणि चांगली दहा पावलं मागं येऊन उभे राहिले. बाबीनं गाऱ्हाणं घातलं. राई राखायची असेल तर उजवी दे, म्हाराजा. होय म्हाराजा म्हणणारे आवाज विस्कळीत आले, पण आले.

आम्ही थांबलो. पाकळ्या जागच्या जागी.

कधी कधी देवी वेळ लावते, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पोरं उकिडवी बसली. पण बसल्या जागी ऊन लागत होतं. त्या जागी ऊन, हेच मला नवीन होतं. पट्टीतली झाडं गेल्यापासून पूर्वेकडून उघडं पडलं होतं आणि उन्हाची तिरीप सरळ पाषाणावर येत होती. पाषाण पांढुरका दिसत होता, धूळ बसलेला. आबांनी लावलेल्या पाकळ्यांच्या कडा वळायला लागल्या. मग त्या आकसल्या आणि दगडाला घट्ट धरून बसल्या.

पहिल्यांदा मागची पोरं उठली. दोघं-तिघं उठून बाजूला गेली आणि एका बेहड्याच्या बुंध्याशी करवत टेकवून उभी राहिली. मग आणखी काही उठली. बाबी सगळ्यांत शेवटपर्यंत थांबला. डोळे बारीक करून पाकळ्यांकडं बघत होता, तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. त्यालाही उत्तर हवं होतं, यात मला शंका नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं, आबांकडं न बघता वळला आणि पोरांना हात केला.

करवत सुरू झाली.

आबा हलले नाहीत. हात जोडून तसेच उभे, ओठ सुकलेले, नजर त्या उजव्या पाकळीवर. मला ते सहन होईना. बाईमाणसानं त्या दगडापाशी जायचं नसतं, त्याला शिवायचं तर नाहीच नाही. मी गेले. आबांच्या पायाशी पाण्याचा तांब्या होता तो उचलला आणि उजवी पाकळी सुटावी म्हणून पाषाणावर पाणी ओतलं. पाणी दोन्हीकडं पसरलं आणि दोन्ही पाकळ्या एकदमच सुटून खाली मातीत आल्या.

मी आबांकडं वळले. आता ते ओरडतील, मारायला धावतील, निदान देवीची क्षमा मागतील, असं मला वाटलं. त्यांनी माझ्या हातातून तांब्या घेतला, उपडा करून उरलेलं पाणी झटकलं आणि म्हणाले, "चल घराक."